कुंपणाखालचा देव

माझ्या विहीणबाई आयर्लंडच्या खेड्यातून आल्या, तेव्हा त्यांच्या कडेवर लाल झग्यातला प्लास्टरचा बाळ येशू होता. विमानात त्याला पट्टा बांधला होता आणि हवाईसुंदरीनं त्यालाही ज्यूस विचारला, असं मी आमच्या जर्मन गावात, इंगोलश्टाटभर सांगत फिरलो. ज्यूस माझ्या पदरचा. येशू खरा.

दुसऱ्या दिवशी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या नोंदणी कचेरीत, माझ्या मुलीच्या लग्नाची नोंदणी होती. विहीणबाईंनी मूर्ती आमच्या बागेत, कुंपणाखाली ठेवली. त्यांच्या गावची रीतच तशी. आदल्या दिवशी हा बाहेर राहिला की लग्नात पाऊस येत नाही.

"आणि डोकं आपोआप गळून पडलं, तर संसार कधी मोडत नाही," त्या म्हणाल्या. "हातानं मोडलेलं चालत नाही हां. माझ्या लग्नात दिरानं मुद्दाम मोडलं. वर्षभरात नवरा निघून गेला." आपल्या मुलाचं तसं होऊ नये, एवढीच त्यांची धास्ती.

माझी बायको मार्चमध्ये गेली. तेव्हापासून मी बोलतो पूर्वीसारखाच, गावभर ऐकू जाईल असा, पण आत कापूस कोंबल्यासारखं असतं. संध्याकाळी भुरभुर सुरू झाली. ती असती तर म्हणाली असती, "अहो, लेकरू भिजतंय आणि तुम्ही चहा काय पिताय!" म्हणून मी देवाला आत आणलं आणि देवघरापाशी बसून पुसायला घेतलं. मान जरा चोळली, तर डोकं हातात आलं.

घाबरायला हवं होतं. काहीच झालं नाही. डोकं आणि धड दोन्ही परत कुंपणाखाली ठेवून आलो.

सकाळी बागेतून किंकाळी आली. मी आणि मुलगी धावलो. विहीणबाईंच्या ओंजळीत ते डोकं.

"आपोआप पडलं? तुम्ही तर नाही ना हात लावलात?"

एरवी मी गोष्टीत वादळ आणलं असतं, दोन कोल्हे आणि चौकशीला पोलीससुद्धा.

"नाही," म्हणालो. आयुष्यातली सगळ्यात आखूड थाप.

त्यांनी मला कडकडून मिठी मारली. मुलगी माझ्या नखांतला झग्याचा लाल रंग बघत होती. "आल्झो, बाबा..." म्हणाली आणि थांबली. एरवी जर्मनमध्येच उत्तरं देणारी ती, मराठीत म्हणाली, "हात धुऊन ये. उशीर होतोय."

पाऊस पडतच होता. कचेरीच्या दारात विहीणबाई छत्रीखाली भेटेल त्याला तुटकी मान दाखवत हसत होत्या. आत मी साक्षीदार म्हणून सही केली, जिथे बोट दाखवलं तिथे.