आधी काळोख बघ

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत माझा मित्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. जिवंत पेशीत शिसं शिरलं की खास दिव्याखाली हिरवं चमकणारं रसायन आम्ही तयार करतो. नळी चमकली की मी ओरडतो. तो आधी शिसं नसलेली नळी दिव्याखाली धरतो, ती काळीच राहते ना ते बघायला.

"आधी काळोख बघ रे. मग नाच."

दुपारी डबा उघडला की त्याचा पहिला घास माझ्या झाकणात पडतो. त्याची आई अजूनही ओहोटीला वडाळ्याच्या खाडीत उतरते, चिखलातून तिसऱ्यांचे शिंपले काढते आणि त्यांचं झणझणीत सुकं करते.

गेल्या आठवड्यात तिच्या टोपलीतल्या काही जिवंत तिसऱ्या त्याने आणल्या. तुलनेसाठी लांबच्या, स्वच्छ किनाऱ्यावरच्याही मागवल्या. दोन्ही आमच्या रसायनात ठेवल्या आणि दिवा लावला. लांबच्या काळ्याच राहिल्या. आईच्या तिसऱ्यांनी हळूच शिंपले उघडले, तर आतलं मांस हिरवंगार चमकत होतं. या वेळी मी ओरडलो नाही. त्याने दिवा बंद केला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी डब्यात तिसऱ्याच होत्या. मी सवयीने झाकण पुढे केलं.

"आज तुला नाही."

"मग टाकून दे ना! आईला सांगितलंस का?"

"काय सांगू? लहानपणापासून तिनेच मला हे भरवलंय."

माझ्याकडे पाठ करून तो जेवला. शेवटी भाकरीच्या तुकड्याने डबा लख्ख पुसून घेतला.

"घरी गेलो की ती डबा उघडून बघते," तो म्हणाला.