लाल तारा

"भर ना बे. तुयाच फॉर्म आहे, अन् तुलेच भरता येत नाई?"

भैयाजी हसून बोलले. भैयाजी म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक, वयाने माझ्याहून लहान. नवी वेबसाइट बघायला वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेहून आलेले घरमालक रांगेत बसलेले, तेही हसले. भिंतीवर प्रोजेक्टरनं पाडलेला भला मोठा फॉर्म. की-बोर्डवर मी. आणि सगळ्यांचे डोळे एका रिकाम्या रकान्यावर: जात. शेजारी लाल तारा.

तो तारा माझा. माझी कलाकारी ऐका. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्यावर एक पाटी असते, तिला लेबल म्हणतात. वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर बांधतो, त्या आमच्या फ्रेमवर्कचं लेबल मुकं. नुसतं नाव सांगून गप्प. मी कोडमध्ये स्वतःचा टॅग, म्हणजे नव्या पाटीचा साचा, रचला. एक ओळ लिहायची, की पाटी हजर. रकाना सक्तीचा असला तर पाटी आपणहून लाल तारा लावून उभी. रिकामा सोडला तर बोलते. तिचं वाक्यही मीच लिहिलं, अगदी अदबीनं: कृपया हे भरा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा मी ऑफिसात वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला होता. प्रेक्षक म्हणजे कूलर.

सक्तीचं काय, हे मात्र भैयाजी ठरवायचे. भाड्याच्या खोल्यांची वेबसाइट. नाव, गाव, मोबाईल, ठीक. जात त्यांनी त्याच सकाळी सेटिंगमध्ये जाऊन घातली होती. मला ती थेट भिंतीवर दिसली.

नमुना म्हणून माझंच नाव भरलं होतं. गाव आंजी. जात सोडून बटण दाबलं. माझीच पाटी मला म्हणाली, कृपया हे भरा. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. माझ्याच अदबीनं मला दारात उभं केलं होतं.

पुढच्या खुर्चीतले काका समजावू लागले. "लाजतं काऊन? आम्ही काई मानत नाई. पण खोली द्याची म्हणजे मालूम पाहिजे ना."

काई मानत नाई. याच वाक्यानं मला वर्ध्यात चार दारांवरून परत पाठवलं आहे. चारही ठिकाणी पाणी विचारलं होतं, तेही पाहुण्याला देतात तशा काचेच्या ग्लासात.

मी टाइप केलं: आधी विचारणाऱ्यानं सांगावी.

बटण दाबलं. पाटीला काय, रकाना भरला म्हणजे झालं. भिंत हिरवी झाली. धन्यवाद, तुमचा अर्ज मिळाला. कोणीतरी खोकलं. काकांनी चष्मा पुसायला काढला.

माणसं गेल्यावर भैयाजींनी दार लोटलं. आवाज गोड. "नाटक बस झालं. उद्या तिथं जातीची लिस्ट टाकजो. मंग त्यातूनच निवडा लागन."

म्हणजे तेवढी फटही बुजवायची. तीही माझ्या हातानं.

"मी नाई टाकत," मी म्हणालो.

"मंग उद्या येऊ नको."

या वयात, या गावात, माझ्या कामाचं दुसरं ऑफिस नाही. भैयाजींना ते ठाऊक आहे, म्हणूनच आवाज गोड होता. घरी मुलीची फी आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तरी उद्या मी जाणार आहे. वेळेवर, इस्त्रीच्या शर्टात. बसू दिलं तर माझ्या टॅगला आधी एक ओळ जोडीन: रकाना जातीचा असला, तर पाटी उभीच राहणार नाही. हाकललं तर जिन्यावरून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं कारण सांगून उतरीन. यादी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी.

माझ्या हातून होणार नाही.