रामसुमेरच्या वीस सुया

आमचे हे, विश्राम चिटणवीस, तलाठ्याचे चिरंजीव. कागदावर नाही ते घडलंच नाही, हे बाळकडू त्यांना घरीच मिळालेलं. एकदा वैतागून मी म्हटलंसुद्धा, "अहो, स्मिता तुमचीच मुलगी, की दाखला आणून दाखवू?" तर हसायचं नाव नाही. असा माणूस!

अडुसष्ट साली आम्ही नागपूर सोडून चंदीगडला आलो. यांना एका संशोधन संस्थेत नोकरी लागली होती, काम काळ्या आजारावर. हा बिहारकडचा रोग. वाळूमाशी चावते, महिनोन्‌महिने ताप हटत नाही, पोटात प्लीहा फुगते आणि माणूस खंगत खंगत जातो. गरिबांचाच रोग, मग त्यावर राबणाऱ्याला तरी कोण विचारतो? याच्यावरचं नेहमीचं औषध म्हणजे अँटिमनीच्या वीस सुया. पण हळूहळू त्या काहींना लागू पडेनाशा झाल्या. लोक म्हणत, रोगी अर्धवट उपचार सोडून पळतात, दुसरं काय! यांना वाटे, जंतूच औषधाला निर्ढावलेत. ते सिद्ध करायचं म्हणजे प्रत्येक रोग्याचे जंतू काचेच्या नळीत सशाच्या रक्तावर जगवायचे, दर आठवड्याला नव्या नळीत घालायचे. दिवाळीचा पाडवा असो की अंगात ताप असो, सायकल निघालीच. घरातला गॅस संपला तरी चालेल, जंतू उपाशी राहता कामा नयेत!

एकोणऐंशीत रामसुमेर आला. बिहारातल्या छपऱ्याकडचा गवंडी, इथे नव्या सेक्टरांत भिंती बांधायचा. गावच्या दवाखान्यात सुया घेऊन बरा झाला होता, पण वर्षाच्या आत ताप परतला. इस्पितळाने त्याला यांच्याकडे धाडलं, कारण या रोगातलं यांना कळतं अशी ख्याती झाली होती. त्याच्याकडे गावचं कार्ड होतं. वीस चौकटी, भरलेल्या बारा.

"आठ सुया चुकवल्यास," हे म्हणाले.

तो म्हणाला, "नाही साहेब, पूर्ण वीस घेतल्या. छठपूजेला कंपाउंडर गावी गेला, मग दाईने टोचल्या. तिला लिहिता येत नाही."

घरी येऊन यांनी मला हे सांगितलं ते चेष्टेने. "काय एकेक थापा! म्हणे दाईने टोचल्या." मीही हसले. हो, हसले मी. ते मला आजही खातं.

यांनी शेरा मारला, 'उपचार अपुरा'. त्या दोन शब्दांवर इस्पितळाने त्याच औषधाच्या सुया पुन्हा दिल्या. दुसरं औषध होतं, जहाल खरं, पण होतं. ते फक्त पहिलं हरलं असेल तरच द्यायचं. कागदावर पहिलं हरलंच नव्हतं! रामसुमेरला दोन महिने बरं वाटलं, मग पुन्हा खालावला. ऐंशीच्या फेब्रुवारीत गेला बिचारा.

त्याचे जंतू यांच्या नळीत होतेच. अपुऱ्या उपचाराचे म्हणून मोजदादीत धरले नव्हते, पण टाकून द्यायचा धीर झाला नाही. ऑक्टोबरात बाकीच्यांबरोबर त्याचेही जंतू हॅम्स्टर जातीच्या उंदरांमध्ये सोडले आणि औषधाचा पुरा डोस दिला. एका संध्याकाळी हे घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. स्मिताने विचारलं, "पापा, क्या हुआ?"

मग मला म्हणाले, "औषधाने एकही जंतू हलला नाही. सगळ्यांत निर्ढावलेला त्याचाच निघाला. वीस काय, चाळीस दिल्या असत्या तरी तो बरा झाला नसता. तो खरं बोलत होता गं."

ज्या पुराव्यासाठी बारा वर्षं झिजले, तो मिळाला होता. पेढे वाटायचे, तर ताटावर बसवेना यांना.

रविवारी म्हणाले, "तू चल बरोबर." मजुरांच्या वस्तीत रामसुमेरची बायको फुलमती गोवऱ्या थापत होती. तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला. यांनी हिंदीत कसंबसं सांगितलं की, तुझा नवरा खोटं बोलला नव्हता, चूक माझी होती.

ती म्हणाली, "हम त जानते थे, साहेब. आठों दिन हम साथ गए थे."

तिला कुणी विचारलंच नव्हतं! त्याच्याबरोबर येऊन ती दाराशीच बसलेली असायची, पण यांना हवा होता कागद.

मग तिने विचारलं, "दूसरा दवाई पहले मिल जाता, त बच जाते?"

मी मनातून ओरडत होते, अहो, नाही म्हणा! एकदा तरी खोटं बोला! तिला काय कळणार आहे? तिच्याही जिवाला बरं, तुमच्याही.

हे खाली मान घालून म्हणाले, "शायद. हाँ, बच सकते थे."

मला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि द्यायलाच हव्या होत्या. ती आत गेली, पितळेच्या लोट्यात पाणी घेऊन आली आणि यांच्यासमोर धरलं. उन्हातून आलेल्या माणसाला त्यांच्यात पाणी विचारल्याशिवाय राहत नाहीत. यांनी लोटा घेतला, ओठांपर्यंत नेला. मग न पिताच खाली घेतला आणि तसाच दोन्ही हातांत धरून उभे राहिले.