मोकळे दोन दिवस

आवाजाने बिथरणाऱ्या, गतिमंद लेकीला, ऋतिकाला, सोडून जानकी कधी कुठे गेलीच नव्हती. आज पहिल्यांदाच तिने तिला मुलुंडच्या सांभाळकेंद्रात दोन दिवस ठेवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "आता जरा विश्रांती घ्या. माणसांत जा."

घरी येऊन तिने बोरिवलीच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. "शकु, आज राहायला येऊ गं?"

पलीकडे बँजो वाजत होता. शकु अडखळली. "ताई, आज आमच्या तेजलची हळद आहे. ऋतिकाला बँजो सोसायचा नाही, म्हणून तुला हळदीचं, लग्नाचं काही सांगितलंच नाही गं. आता ये ना, रिक्षा कर!"

"नको. तेजलला आशीर्वाद सांग."

राग करायचा तरी कुणाचा? "आम्हाला मोजू नका," असं तीच वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आली होती. लोकांनी ऐकलं, एवढंच.

देवापुढे तेजलच्या नावाने चिमूटभर हळद वाहून ती आडवी झाली. रोज लेकीकडे तोंड करून झोपायची सवय. आज कुठल्या कुशीवर वळावं, तेच तिला सुचेना.