मावसभावाचं इंजिनिअरिंग

मुलुंडमध्ये इंजिनिअरिंगचा अभ्यास सगळ्यांत मनापासून कुणी केला असेल, तर तो माझ्या मावसभावानं; आणि कॉलेजच्या हजेरीपटावर त्याचं नावसुद्धा नव्हतं. प्रवेश त्याच्या मुलीनं, जान्हवीनं, घेतला होता. हा विमा कचेरीतला माणूस. पण तिच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती यायच्या, एक तिला, एक ह्याला. ऑफिसातून आला की चहा घ्यायचा आणि तीन रंगांच्या पेनांनी नोट्स काढत बसायचा. त्या नोट्सची कीर्ती इतकी पसरली, की जान्हवीच्या मैत्रिणी थेट ह्यालाच मेसेज करायच्या, "काका, चौथं युनिट पाठवा ना!" परीक्षेच्या दिवसांत हा रजा टाकायचा. वहिनी म्हणायची, "पेपर पोरीचा आणि बीपी ह्यांचं."

दुसऱ्या वर्षी जान्हवी गणितात नापास झाली, केटी लागली. मी भेटायला गेलो, तर हा उपाशी बसलेला. "मला सगळं येत होतं रे!" एवढंच म्हणत होता.

जान्हवी त्याच्याजवळ येऊन बसली. "बाबा, तुम्ही इतकं छान करून देता ना, की मला करून बघावंच लागत नाही. या वेळी तुम्ही अभ्यास करू नका. प्लीज."

केटीच्या परीक्षेआधी तो बॅग भरून बोरिवलीला माझ्याकडे राहायला आला. पंधरा दिवसांत त्यानं आमचे सगळे गळके नळ दुरुस्त केले आणि मटार सोलणाऱ्या माझ्या बायकोला इंटिग्रेशन समजावलं. जान्हवीला फोन मात्र रोज एकच, "जेवलीस ना?"

निकालाच्या दिवशी मी मुलुंडला होतो. "बाबा, सुटली केटी!" जान्हवी ओरडली. तो मटकन खुर्चीत बसला, हुश्श म्हणाला आणि चार महिन्यांत प्रथमच मोठ्यानं हसला. वहिनीनं देवापुढे साखर ठेवली. मग त्यानं हळूच विचारलं, "तो शेवटचा प्रश्न कसा सोडवलास गं?" तिनं कागदावर सोडवून दाखवला. एकदाही मध्ये न बोलता तो बघत राहिला.

मला सोडायला तो गेटपर्यंत आला. "तिची रीत माझ्यापेक्षा छोटी आहे रे. चार ओळींत उत्तर!" चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. त्यानं माझ्यासाठी रिक्षाला हात केला. मग म्हणाला, "आता ऑफिसातून आल्यावर काय करायचं, ते बघायला हवं."