एकही नोंद नाही

ती घटना मी विसरूच शकत नाही. एका निरपराध माणसावर खुनाचा गुन्हा दाखल व्हायला फक्त माझ्या सहीचा उशीर होता, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मी तेव्हा पांढरकवड्याला ठाणेदार होतो. कापसाला भाव नव्हता, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांमधलं काम निम्म्यावर आलं होतं आणि हाताला काम नसलं की घरात भांडणं वाढतात. तक्रारी ऐकता ऐकताच आम्हाला बाजारभाव कळायचा.

एका सकाळी हायवेवरच्या पानठेलेवाल्याने खबर दिली. हा आमचा जुना खबरी.

"साहेब, त्या जिनिंगातल्या हमालाची बायको दिसूनच नाही राह्यली. लय भांडण झालतं दोघायचं. अन् हा तं चूपचाप कामावर येऊन राह्यला."

बायको हरवल्याची तक्रार त्या हमालाने दिलेली नव्हती. चौकशीसाठी आणला, तर त्याच्या मागोमाग बाईचे दोघे भाऊ आले आणि फाटकातच उभे राहिले.

"त्यानंच मारलं आमच्या बहिणीले. त्याले आमच्या हवाली करा, साहेब."

आमच्याकडे तेव्हा नवाच कॉम्प्युटर आला होता. जिल्ह्यातल्या दवाखान्यांत दाखल झालेल्या अनोळखी रुग्णांची माहिती यवतमाळला एका डेटाबेसमध्ये भरली जायची आणि कॉम्प्युटरसाठी घेतलेल्या वेगळ्या टेलिफोन लाइनवरून आम्ही ती शोधायचो. स्त्री, अंदाजे वय, डाव्या हातावर गोंदण, असं सगळं भरलं. पडद्यावर उत्तर आलं, 'एकही नोंद नाही'.

"झालं," आमचे जमादार म्हणाले. "दवाखान्यात नाही, माहेरी नाही. आता ती जिती नाही, साहेब."

जमादार भला माणूस, पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली की बसली. त्यांनी हमालाला समोर बसवलं आणि एकच घोशा लावला. "बोल, कुठं पुरलं तिले?" तो जमिनीकडे बघत राहिला. 'काही सांगत नाही', असं लिहून जमादार माझ्याकडे सहीला आले.

पेन हातात घेतलं, पण मन घेईना. त्या पडद्यावरचं उत्तर मला खटकत होतं. ते फार झटकन आलं होतं. आमच्याकडे चहासुद्धा इतक्या लवकर येत नसे.

चौकशीची माझी एक जुनी पद्धत होती. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न आधी विचारायचा. समोरचा कितपत भरवशाचा आहे, ते त्यावरून कळतं. म्हटलं, माणसाला लावतो तो न्याय या यंत्रालाही लावू. स्टँडवर बेशुद्ध सापडलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याला आमच्याच शिपायाने थोड्या दिवसांपूर्वी यवतमाळच्या दवाखान्यात नेलं होतं आणि त्याची नोंद मी याच पडद्यावर पाहिली होती. त्याची माहिती भरली. पुन्हा तेच, 'एकही नोंद नाही'.

साक्षीदार खोटा निघाला होता.

हा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंना यवतमाळला फोन लावला. बाई हुशार आणि स्पष्ट बोलणाऱ्या.

"सर, डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर ओळींनी येतं. प्रोग्राम प्रत्येक ओळीची एक नोंद करतो, वय, खुणा, दवाखाना यांसकट, आणि त्या नोंदींची यादी तुम्हाला दाखवतो. कोणी सापडलं नाही, तर यादी रिकामी."

"आणि लाइनच तुटलेली असली तर?"

"तरीही रिकामी यादीच परत येते. लाइन तुटली की प्रोग्राम मधेच बंद पडायचा, म्हणून मी तसं केलं."

"म्हणजे 'नाही' आणि 'विचारणं पोचलंच नाही', या दोन्हींना तुमच्याकडे एकच डबा?"

"हो सर. चुकलंच ते. उत्तर आलं की नाही, हे यादीसोबत वेगळं ठेवायला हवं होतं."

मग जुना मार्ग धरला. एकेका दवाखान्याला फोन केला. दुसऱ्याच फोनवर कळलं की गोंदण असलेली एक अनोळखी बाई वॉर्डात आहे, रस्त्यावर गाडीने उडवलेली, जबडा बांधलेला, त्यामुळे नाव सांगता येत नाही. मी खुर्चीवरून उठलोच. जमादारांना सोबत घेतलं आणि तिच्या दोघा भावांना व हमालाला एकाच जीपमध्ये बसवलं.

वॉर्डात नवऱ्याला पाहून बाईने हात उचलला. तो खाटेजवळ खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाहेर आल्यावर जमादारांना राहवलं नाही. "काहून रे, ठाण्यात तोंड काहून नाही उघडलं?"

"काय सांगू, साहेब? तुमी तं इचारून राह्यलते, कुठं पुरलं. ते मले कसं मालूम?" त्याने डोळे पुसले. "कुठं गेली असन, असं इचारलं असतं तं सांगतलं असतं. यवतमाळ रोडनं काम पाहाले गेलती. रागात होती, म्हून मी वाट पाहून राह्यलतो."

यवतमाळच्या त्या बाईंनी पुढे प्रोग्राम सुधारला. लाइन नसली की 'उत्तर मिळाले नाही' असं स्वच्छ दिसू लागलं. माणसांसाठी अशी सोय कोणी करून देत नाही, ती आपली आपणच करावी लागते. निवृत्त होईपर्यंत 'काही सांगत नाही' असं लिहून कोणीही सहीला आलं, की मी कागद बाजूला ठेवायचो आणि म्हणायचो, "आधी सांगा, त्याला विचारलं काय होतं?"