भट्टीच्या घरातली आत्या

“ज्या घरात भट्टी असते, त्या घरात एकाचं तरी नाक जागं असावं लागतं,” आत्या एकदा म्हणाली होती. तेव्हा ती थट्टेत बोलत होती. केसांवर फडकं, हातात लांब दांड्याचा चमचा, आणि पाठ भट्टीकडे. पाठ असली तरी आत काय चाललं आहे हे तिला कळायचं.

मी त्यांच्या कॉफीच्या कागदी पिशव्या छापतो. दर शनिवारी दुपारी गठ्ठा घेऊन जायचो आणि जेवूनच परतायचो. त्या घराचा तसा नेम होता. आठवड्याचा शेवटचा घाणा भट्टीतून उतरला की त्यातली मूठभर कॉफी आधी घरच्या स्वयंपाकात पडायची. कधी कांद्यावर परतलेल्या मटणात, कधी घेवड्याच्या दाट रश्श्यात, कधी नुसत्या साखरेच्या पाकात. घरची माणसं जेवायची, आत्या मान डोलवायची, आणि मगच दुकानाचं दार उघडायचं. तोवर गिऱ्हाइकं बाहेर उभी. कुणी कुरकुरलं तर आत्याचा धाकटा भाऊ गल्ल्यावरून ओरडायचा, “आम्ही मेलो नाही तर तुम्हाला देतो, थांबा जरा!”

पुढे दुकान, मागे भट्टीची खोली, तिला लागून स्वयंपाकघर. दोन्हींच्या मधून लाकडी जिना वर जायचा. वर ही माणसं राहायची: आत्या, भाऊ, त्याचा मुलगा, सून आणि त्यांची चार वर्षांची मुलगी.

आत्या अठराव्या वर्षी भट्टीवर उभी राहिली. वडील छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते आणि भाऊ अजून शाळेत होता. लग्नाचं दोनदा ठरता ठरता राहिलं. एकांनी निरोप पाठवला की मुलीच्या केसांना धुराचा वास येतो. हे ती स्वतःच रंगवून सांगायची. “बरं झालं. त्याच्या नाकाला मी आवडले नाही, आणि दुसरा आला त्याचं नाक मला आवडलं नाही.”

त्या घराला बारा महिने भाजल्याचा वास यायचा. गाद्यांना यायचा, भिंतींना यायचा, मुलीच्या चित्रांच्या वहीलाही यायचा. एवढ्या वासात राहून घरातल्या बाकीच्यांचा आपापल्या नाकावरचा विश्वास उडाला होता. काही करपल्यासारखं वाटलं तर ते उठून बघत नसत. बसल्या जागेवरून विचारत, “आत्या, काही जळतंय का?” आत्या हनुवटी वर करून एक श्वास घ्यायची. ती “नाही” म्हणाली की विषय संपला. चाळीस वर्षांत दोनदाच ती “हो” म्हणाली होती. एकदा भिंतीतली वायर वितळत होती आणि एकदा शेजाऱ्यांची गादी धुमसत होती. दोन्ही वेळा तिचं खरं निघालं. त्यामुळे तिच्या त्या एका शब्दावर घर डोळे मिटून निजायचं.

गेल्या थंडीत तिला ताप आला. आठ दिवस टिकला, गेला, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला.

तिने कुणाला सांगितलं नाही. कळलंही नसतं, कारण कॉफीत काही फरक पडला नाही. बिया आत दोनदा तडकतात, तो आवाज तिच्या कानात मुरलेला होता. रंग डोळ्यांना पाठ होता. नाकाच्या रिकाम्या जागी तिने भिंतीवरचं घड्याळ बसवलं. पूर्वी ती घड्याळाकडे कधी बघत नसे. आता बघायची, आणि बघताना कुणी बघत नाही ना हेही बघायची. घाणे उलट आणखी नेटके उतरू लागले. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “आत्या, तापाने हात सुधारला!” ती हसली आणि ट्रेमधल्या बिया उगाचच हलवत राहिली.

मला कळलं ते दुधामुळे. एका शनिवारी तिने माझ्या कपात दूध ओतलं. ओतण्याआधी सवयीने पातेलं नाकाशी नेलं, म्हणाली, “आत्ताच आलंय.” दूध नासलेलं होतं. कप तोंडाशी नेण्याआधीच मला ते कळलं. मी कप खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिनेही कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो.

“घरात बोलू नका, छापखानेवाले.”

“सांगायला हवं, आत्या.”

“सांगितलं की संपलं. भाचा टपून बसलाय. मला वरच्या खोलीत बसवतील आणि शेंगा सोलायला देतील. ‘आत्या, दमलीस गं!’ मी नाही दमले.”

“आणि जिन्याखालचं ते सालीचं पिंप?”

तिने माझा कप उचलून मोरीत रिकामा केला. मग म्हणाली, “पिंपाला मी हात लावून बघते.”

भाजताना बियांवरची पातळ साल सुटते. कागदाहून हलकी. ती नळीतून उडून एका पत्र्याच्या पिंपात जमते, आणि ते पिंप जिन्याखाली असे. कधी एखादी ठिणगीही सालीबरोबर जाते. ती वर दिसत नाही. सालीच्या पोटात बसते आणि तासन्‌तास सावकाश खात राहते. आत्या रोज काम संपलं की पिंपाचं झाकण किलकिलं करून वास घ्यायची. वास आला तर पाणी ओतायची, नाही तर दुसऱ्या दिवशी साल बाहेर टाकायची. आता ती वास घेतल्यासारखं करून पत्र्यावर तळहात ठेवायची. पण साल हीच जाड गोधडी असते. आतला विस्तव ती बाहेरच्या पत्र्याला लवकर कळू देत नाही.

हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. मी बोललो नाही.

पुढच्याच शनिवारी भाच्याने जेवताना विषय काढला. “आत्या, धूर झाला की बोंबलणारं यंत्र मिळतं. जिन्यात बसवून टाकू?”

“बसव की. मग मला काढून त्याला जेवायला वाढ.”

“तसं नाही गं!”

“माझ्या नाकाला सेल लागत नाहीत,” आत्या म्हणाली. सगळे हसले. सगळ्यांत शेवटी ती हसली. मी ताटातल्या घेवड्यात बोटं फिरवत बसलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मला जिन्याच्या खालच्या बाजूला एक तपकिरी पट्टा दिसला. दोन पायऱ्यांच्या पोटाखालचं लाकूड, बरोबर पिंपाच्या वर. मी बोट लावलं तर बोटाला काळं लागलं. आत्याला दाखवलं. तिने फडक्याने पुसलं, डाग गेला नाही. “कॉफीचाच असेल,” ती म्हणाली. पायऱ्यांच्या खालच्या अंगाला कॉफी कशी सांडेल, हे मी विचारलं नाही.

मग तो शनिवार आला. बाहेर ऊन होतं, हवा हलत नव्हती. शेवटचा घाणा गडद होता, मटणासाठी मुद्दाम पुढे नेलेला. आत्याने बिया थंड करायच्या ट्रेत ओतल्या, पिंपाचं झाकण किलकिलं केलं, वाकली, तळहात टेकवला, झाकण लावलं. मुलगी वर झोपली होती. भाचेसुनेने कांदा काळसर परतला, मटण टाकलं, वरून दोन चमचे ताजी दळलेली कॉफी. स्वयंपाकघर त्या कडवट गोड वाफेने भरून गेलं. भाऊ आणि भाचा पाटावर येऊन बसले.

“ताई, आज लवकर वाढा बुवा. बाहेर पंधरा जण उभे आहेत. एकाने तर दारावर डोकं आपटून घेतलं.”

“त्याचं डोकं आधीपासूनच तसं आहे,” आत्या म्हणाली. “शिजू दे नीट.”

थोड्या वेळाने भाचेसुनेचा हात कढईवर थांबला. “आत्या, काही जळतंय का?”

मलाही तो वास येत होता. कांद्याचा नव्हता, कॉफीचा नव्हता. कोरडा, जुन्या लाकडाचा. मी आत्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तिने हनुवटी वर केली, श्वास घेतला. तो नेहमीपेक्षा लांब होता. तिची नजर क्षणभर माझ्यावर येऊन गेली.

“नाही,” ती म्हणाली. “भट्टी निवतेय.”

भाचेसुनेने पुन्हा एकदा ढवळलं आणि कढईवर झाकण घातलं. भाऊ पुन्हा त्या डोकं आपटणाऱ्याची गोष्ट सांगू लागला. मला नाक होतं, पाय होते, जिना चार पावलांवर होता. आणि मीही तिचा शब्द घेतला, जणू मीही त्याच घरात वाढलो होतो.

मिनिटभराने जिन्याकडून फट्‌ असा आवाज आला. पिंपाचं झाकण उडालं होतं. भाचा धावला, मागून मी. जिन्याखाली आग मोठी नव्हती, पण तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. पायऱ्यांच्या पोटाला तिने धरलं होतं, आणि धूर सरळ वर, मुलीच्या दाराकडे चालला होता. भाच्याने बादलीतलं पाणी अंगावर ओतून घेतलं आणि पेटत्या जिन्यावरून चढला. एक पायरी त्याच्या पायाखाली मोडली. तो वर दिसेनासा झाला. खाली मी आणि भाऊ पिंपावर, जिन्यावर, दिसेल तिथे पाणी फेकत होतो. वरून मुलीचं खोकणं ऐकू आलं. तो आवाज ऐकेपर्यंत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

त्याने तिला ओल्या चादरीत गुंडाळून त्याच जिन्याने खाली आणलं. भुवया जळल्या होत्या, त्याच्या. मुलीला काही झालं नव्हतं. ती खोकत होती, रडत होती, “माझी बाहुली” म्हणत होती. भाचेसून तिला कुशीत घेऊन स्वयंपाकघराच्या जमिनीवरच बसली. आग विझली. सगळीकडे धूर, काळं पाणी, भिजलेली साल.

आत्या चुलीपाशी उभी होती, कढईकडे पाठ करून. तिच्या ओठांना रंग नव्हता. मग घरातल्या मोठ्या बाईला अशा वेळी जे सुचतं तेच तिला सुचलं असावं. भाच्याच्या त्या लाडक्या पोरीच्या डोक्यावरून तिने हात फिरवला आणि हळू म्हणाली, “चला, दोन घास खाऊन घ्या. देवाची कृपा झाली. मटण छान शिजलं असेल आता.”

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. भाचाही. भाचेसुनेने मुलीला नवऱ्याकडे दिलं, उठली, आत्याच्या मागे हात घालून चूल बंद केली आणि झाकण उचललं. कढईत कोळसा होता. मटण, कांदा, कॉफी, सगळं बुडाला चिकटून केव्हाचं राख होत आलं होतं. त्याचा वास नाकात टाचणीसारखा घुसत होता. गेली दहा मिनिटं घुसत होता, त्या एवढ्या धुरातूनही. आम्ही सगळे डोळे चोळत होतो. आत्या त्याच्या वीतभर अंतरावर उभी राहून जेवायला बोलावत होती.

ती वळली आणि कढईत पाहिलं.

“ताई,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज लहान भावाचा झाला होता. “कधीपासून?”

आत्याने बंद असलेल्या चुलीचं बटण पुन्हा चाचपलं.

“आत्या, मी विचारलं होतं तुला,” भाचेसून म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “मी विचारलं होतं. तू नाही म्हणालीस.”

मी बोलायला तोंड उघडलं. ‘मला ठाऊक होतं, मीही गप्प बसलो,’ एवढंच म्हणायचं होतं. आत्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, अगदी किंचित, नको अशी. मी तोंड मिटलं. त्या घरात मी केलेलं ते आणखी एक पाप.

तिने मुलीकडे पाहिलं. मुलीने बापाच्या खांद्यात तोंड लपवलं, धुराने असेल किंवा कशाने. मग आत्या दुकानाकडे चालू लागली. केसांवरचं फडकं तसंच, पायांना ओली साल चिकटलेली. तिने कडी काढली. बाहेर माणसं दाटीने उभी होती, धूर पाहून आणखी जमलेली. एक म्हातारा, रोजचाच, पुढे सरकला आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघताच त्याने विचारलं, “काय आत्या, आजची कशी उतरलीय?”

माणसं बाजूला झाली. ती त्यांच्या मधून बाहेर पडली.